ऑलेसुंद : आगीतून घडलेलं शहर

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ऑलेसुंदला बरेच प्रवासी गायरांगर फ्योर्डकडे, म्हणजे डोंगरांमध्ये खोल शिरलेल्या समुद्राच्या खाडीकडे, जाता-जाता उतरतात. बोट धक्क्याला लागते, अक्सला टेकडीच्या ४१८ पायऱ्या चढून फोटो काढले जातात आणि संध्याकाळी बोट पुढे निघते. खाली दिसणारे मनोरे आणि फिकट रंगांच्या भिंती पाहून लोक ‘परीकथेतलं गाव’ म्हणतात. मला हे वर्णन अपुरं वाटतं. या गावामागे खारवलेली मासळी, एक भयंकर रात्र आणि कामाच्या शोधात आलेले तरुण वास्तुकार आहेत.

सुरुवात मासळीपासून करायला हवी. हे शहर बेटांवर वसलेलं आणि कॉड मासा जवळच्या समुद्रात. मासा फाडून, मीठ लावून तो किनाऱ्यावरच्या सपाट कातळावर वाळवत. हे काम मुख्यतः बायकांचं. सकाळी मासे पसरायचे, मधूनमधून उलटायचे, पावसाची चिन्हं दिसताच गोळा करून रचून ठेवायचे आणि ऊन पडलं की पुन्हा पसरायचे. कोकणात बोंबील वाळवणाऱ्या बायकांना यातली घाई वेगळी सांगावी लागणार नाही. बर्फाशिवाय महिनोन्‌महिने टिकणारा हा माल स्पेन, पोर्तुगाल, ब्राझीलपर्यंत जाई. १८४८मध्ये ऑलेसुंदला शहराचा दर्जा मिळाला, तोही या व्यापाराच्या जोरावर. ब्रोसुंद खाडीच्या काठी एका मासळीवाल्या बाईचा पुतळा आहे. तो चुकवू नये.

हे सगळं शहर लाकडी होतं आणि घरं एकमेकांना खेटून. २३ जानेवारी १९०४च्या रात्री दोनच्या सुमारास पश्चिम टोकाच्या एका डबाबंद मासळीच्या कारखान्यात आग लागली. वादळी वाऱ्याने ती थेट वस्तीवर आणली. सुमारे ८५० घरं जळाली, ऐन थंडीत दहा हजारांवर माणसं उघड्यावर आली. एवढ्या आगीत मृत्यू मात्र एकच झाला.

जर्मनीचा सम्राट दुसरा विल्हेल्म दर उन्हाळ्यात या किनाऱ्यावर जलविहाराला येत असे. बातमी कळताच त्याने अन्न, औषधं आणि निवाऱ्याचं साहित्य भरून जहाजं पाठवली. शहरातल्या एका रस्त्याला आजही त्याचं नाव आहे. म्हणूनच ‘जर्मन सम्राटाने ऑलेसुंद बांधलं’ असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. त्याची मदत वेळेवर आली आणि मोलाची होती, पण बांधकाम नॉर्वेच्या माणसांनी केलं.

१८९९मध्ये राजधानी क्रिस्टियानियातला, म्हणजे आजच्या ऑस्लोतला, बांधकामाचा धंदा कोसळला होता. वास्तुकार, गवंडी, सुतार रिकामे बसले होते. ऑलेसुंदमध्ये अचानक अख्खं शहर बांधायचं काम निघालं आणि ते तिकडे धावले. पन्नासच्या आसपास वास्तुकार आणि बांधकाम-उस्ताद इथे राबले. नॉर्वेत उच्च तांत्रिक शिक्षणाची संस्था १९१०मध्ये सुरू झाली. त्यामुळे यातले अनेकजण बर्लिनसारख्या ठिकाणी शिकून आलेले होते. युरोपात तेव्हा युगेंडस्टिल, म्हणजेच आर्ट नुव्हो, ही फुला-वेलींच्या वळणदार नक्षीची शैली ऐन भरात होती. शहराच्या मध्यभागात लाकडी बांधकामाला बंदी आली. म्हणून दगड-विटांच्या इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांवर या शैलीतली फुलं, वेली, मुखवटे, छोटे मनोरे आले. १९०५मध्ये नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला. त्या काळच्या अभिमानाने ड्रॅगन आणि जुन्या नॉर्स नक्षीलाही या भिंतींवर जागा मिळाली. १९०७पर्यंत बहुतेक शहर उभं राहिलं. तीन वर्षांत, एकाच पिढीच्या हातून झाल्यामुळे इथे रस्तेच्या रस्ते एका सुरात दिसतात. हेच ऑलेसुंदचं खरं वेगळेपण.

जवळून पाहायचं तर ब्रोसुंदजवळची ‘हंस’ औषधशाळा पाहावी. हागबार्थ श्युटे-बेर्ग या वास्तुकाराची ही १९०७ची इमारत. बाहेरून खडबडीत दगड, आत औषधांच्या दुकानातलं जुनं लाकडी काम अजून जागेवर आहे. आता तिथे युगेंडस्टिलचं संग्रहालय आहे. रस्त्यावरचे दर्शनी भाग पाहण्याआधी तासभर इथे घालवला, तर पुढचं सगळं नीट वाचता येतं.

आगीतून वाचलेलं ऑलेसुंद पाहायचं असेल, तर मोलोवेगेन रस्त्याकडे जावं. तिथल्या १८६१च्या लाकडी गोदामात मत्स्यव्यवसायाचं संग्रहालय आहे. मासे खारवणं, कॉडच्या यकृताचं तेल काढणं, पिंपं भरणं, ज्या कामांच्या पैशावर हे शहर आधी वसलं, ती तिथे समजतात.