वडा टम्म का फुगतो?

तांदूळ-डाळींचे मालवणी वडे फुगले नाहीत की सिंधुदुर्गातल्या घराघरांत कारण ठरलेलं असतं: "पीठ आंबूक नाय." मोबाइलवरच्या पाककृतींनी त्यावरचं औषधही ठरवून टाकलं आहे, ते म्हणजे चिमूटभर सोडा. यातलं कारण अर्धवट आहे आणि औषध तर साफ चुकीचं. आंबवल्याने वड्याला चव येते, मऊपणा येतो, पण कढईत त्याला टम्म फुगवते ती निव्वळ पाण्याची वाफ. ती वाफ नेमकी केव्हा आणि कुठे तयार होते, हे समजलं की वडे बिघडण्याची बहुतेक कारणं आपोआप उलगडतात.

वड्याचं पीठ प्रत्येक घरात थोडं वेगळं असतं, पण ढोबळमानाने त्यात जाडा तांदूळ, उडीद डाळ, चणाडाळ, चमचाभर मेथी आणि धणे असतात. तांदूळ-डाळी धुऊन, सावलीत वाळवून, हलक्या भाजून जाडसर दळून आणायच्या. रात्री गरम पाण्यात पीठ मळून झाकून ठेवायचं आणि सकाळी केळीच्या पानावर किंवा तेल लावलेल्या प्लॅस्टिकवर थापून तळायचं. शिमग्याला हे वडे कोंबडीच्या सागोतीबरोबर, म्हाळाला, म्हणजे पितृपक्षात, काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याबरोबर आणि एरवी सकाळी नुसत्या चहाबरोबरही खातात. काही घरांत पिठात गहू घालतात, तो इथे बाजूला ठेवू. कारण मला नवल वाटतं ते गहू नसलेल्या वड्याचं. गव्हाच्या पुरीत ग्लुटेन नावाचं चिवट प्रथिन असतं, ते ताणलं जातं आणि वाफ कोंडून धरतं. तांदळात ग्लुटेन नाही, डाळीतही नाही. मग वडा फाटत कसा नाही?

उत्तराचा पहिला भाग रात्रीच्या गरम पाण्यात आहे. तांदळातला स्टार्च बारीक कणांच्या रूपात असतो. थंड पाण्यात हे कण जवळजवळ तसेच राहतात, म्हणून थंड पाण्यात मळलेली तांदळाची पिठी थापताना कडेला चिरते. पाण्याचं तापमान साधारण ६५ ते ७५ अंश सेल्सिअसपर्यंत गेलं की कण पाणी पिऊन फुगतात आणि त्यांतला अमायलोज नावाचा लांब साखळीचा रेणू बाहेर पाझरतो. या साखळ्या एकमेकींत गुंततात आणि पिठाला बांधून ठेवणारा पडदा तयार होतो. मोदकाच्या उकडीत हेच घडतं. फरक एवढाच की वड्याच्या पिठात सगळा स्टार्च शिजवायचा नसतो, काही भाग तळताना शिजण्यासाठी शिल्लक हवा.

दुसरा भाग उडदाचा. भिजलेली उडीद डाळ बुळबुळीत लागते, कारण तिच्यात अरॅबिनोगॅलॅक्टन ही बहुशर्करा, म्हणजे साखरेच्या रेणूंची लांब साखळी असते. ती आणि उडदातली ग्लोब्युलिन प्रथिनं मिळून हवेचे बुडबुडे धरून ठेवतात, हे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत १९७०च्या दशकात झालेल्या कामातून पुढे आलं. मेथीचा चिकटपणा गॅलॅक्टोमॅनन या तशाच एका बहुशर्करेमुळे येतो. चवीसाठी म्हणून घातलेली चमचाभर मेथी असं बांधणीचंही काम करते.

आता मळलेलं पीठ रात्रभर राहतं तेव्हा त्यात जिवाणू वाढतात. इडलीच्या पिठावर १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडीस हा जिवाणू पीठ फुगवण्यात मुख्य असल्याचं दिसलं. तांदूळ-उडदाच्या मिश्रणात तो डाळीबरोबरच येतो, बाहेरून विरजण घालावं लागत नाही. तो आम्ल तयार करतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. म्हणजे वायू तर पिठात असतोच. मग वडा त्यानेच फुगतो असं का मानू नये?

हिशेब करून पाहू. नऊ सेंटिमीटर रुंद आणि साडेचार मिलिमीटर जाड वड्याचं आकारमान २८ ते २९ मिलिलिटर भरतं. त्यातला पाव हिस्सा वायूचे बुडबुडे आहेत असं मानलं तरी वायू झाला सात मिलिलिटर. तो ३० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापला तर वायूच्या नियमाप्रमाणे सुमारे २३ टक्क्यांनी प्रसरण पावेल, म्हणजे नऊ मिलिलिटरच्याही आत राहील. पिठातल्या पाण्यात विरघळलेला वायू बाहेर पडेल तो आणखी तेवढाच धरा. फुगलेल्या वड्यातली पोकळी मात्र शंभर-सव्वाशे मिलिलिटरची असते. आंबवणाच्या वायूने ती भरणं शक्यच नाही.

उलट एक ग्रॅम पाण्याची १०० अंशांना वाफ झाली तर ती जवळपास १.६७ लिटर जागा व्यापते. म्हणजे आपली पोकळी भरायला पाण्याचे दोन थेंब पुरतात. वड्यात त्याच्या शंभरपटीहून जास्त पाणी असतं. वाफ कमी पडली म्हणून वडा बसला, असं कधी होतच नाही. वाफ चुकीच्या वेळी तयार झाली किंवा निसटून गेली, म्हणून तो बसतो.

ही वेळेची गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते, म्हणून इथे थोडं गणित सोसावं. वडा १८० अंशांच्या आसपास तापलेल्या तेलात पडला की बाहेरचा थर लगेच सुकायला लागतो आणि त्याची पापडी होते. आतला भाग अजून ओला आणि लवचिक असतो. उष्णता दोन्ही बाजूंनी आत सरकते आणि मधला थर १०० अंशांना पोचला की तिथे वाफ धरते. ती वरच्या आणि खालच्या थरांना एकमेकांपासून सोडवते, आणि पापडी अजून पुरेशी ताणली जात असेल तर वडा फुगतो. उष्णता आत पोचायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अंतराचा वर्ग भागिले पिठाचा औष्णिक विसरणांक (पिठातून उष्णता किती वेगाने पसरते ते सांगणारा आकडा), असा त्याचा अंदाज बांधता येतो. ओल्या पिठासाठी हा विसरणांक साधारण ०.१३ चौरस मिलिमीटर प्रतिसेकंद असतो. चार मिलिमीटर जाड वड्याला दोन्हीकडून तेल लागलं तर मध्यापर्यंतचं अंतर दोन मिलिमीटर, म्हणजे चार भागिले ०.१३, सुमारे ३० सेकंद. तोच वडा तेलावर तरंगत राहिला आणि उष्णता फक्त खालून मिळाली, तर तिला पूर्ण चार मिलिमीटर चालून जावं लागतं. सोळा भागिले ०.१३, म्हणजे दोन मिनिटं. अंतर दुप्पट होताच वेळ चौपट झाला! दोन मिनिटांत खालची पापडी कडक होऊन जाते. मग वाफ आली तरी तिला ताणायला काही उरत नाही, ती बारीक चिरांतून निघून जाते.

झाऱ्याने वड्यावर भराभर तेल उडवण्याचं किंवा त्याला हलकेच तेलाखाली दाबण्याचं महत्त्व यात आहे. ही नुसती सवय किंवा हाताची लकब नव्हे. त्याने उष्णतेचा प्रवास निम्मा होतो आणि वेळ पावपट. वडा जाड थापला तर न फुगण्याचं कारणही हेच गणित. तेल कमी तापलेलं असेल तर पापडी धरण्याआधीच वाफ सगळीकडून झिरपून जाते, फार तापलेलं असेल तर मध्य तापण्याआधी बाहेर करपतं. थापताना कडेला पडलेली एक चीर मात्र बाकी सगळं बरोबर असूनही घात करते, पंक्चर झालेल्या ट्यूबमध्ये हवा भरावी तसं होतं.

मग आंबवण कशाला? त्याचे बुडबुडे वाफेला बीज पुरवतात. पाण्याची वाफ व्हायला सुरुवातीला एखादा रिकामा पृष्ठभाग लागतो, तो हे बुडबुडे देतात. शिवाय रात्रभरात पाणी जाडसर कणांच्या गाभ्यापर्यंत मुरतं, त्यामुळे थापताना चिरा पडत नाहीत. हा दुसरा फायदा आंबण्याइतकाच मोठा आहे आणि त्याचं श्रेय नेहमी आंबण्याला जातं. सोड्याने यातलं काहीच साधत नाही. सोडा आणि पिठातलं आम्ल मिळून पापडीत असंख्य छिद्रं पाडतात, त्यांतून वाफ बाहेर जाते आणि नंतर तेल आत येतं. रंगही लवकर गडद होतो आणि थायमिन हे बी गटातलं जीवनसत्त्व अल्कधर्मी पिठात टिकत नाही.

वडे बसले की नजर लागली म्हणायचं किंवा पाळी असलेल्या बाईने पिठाला हात लावल्याचा दोष काढायचा, हे अजूनही ऐकू येतं आणि त्याची मला मनापासून चीड येते. जिवाणूंना तापमान, ओल आणि मीठ कळतं, विटाळ कळत नाही. थंडीत पीठ आंबायला वेळ लागतो तो तापमानामुळे, त्यासाठी घरातल्या बाईला बोल लावण्याचं काही कारण नाही. दुसऱ्या टोकाला वड्याला 'प्रोबायोटिक' म्हणून विकणारेही भेटतात. आंबवलेल्या पिठात जिवंत जिवाणू असतात हे खरं, पण तळताना वड्याचा गाभा १०० अंशांपर्यंत जातो, त्यात ते जगत नाहीत. वडा चवीसाठी खावा आणि तो तळलेला पदार्थ आहे हे लक्षात ठेवून खावा.

तेलाबद्दल एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. वडा कढईत असतो तोवर बाहेर पडणारी वाफ तेलाला आत शिरू देत नाही. बहुतेक तेल शिरतं ते वडा बाहेर काढल्यावर. तो निवायला लागला की आतली वाफ पुन्हा पाणी होते, दाब घटतो आणि पृष्ठभागावरचं तेल छिद्रांतून ओढलं जातं. म्हणून निथळायचं ते लगेच, वडा गरम असताना. एकावर एक रचलेले वडे तेलकट लागतात, शिवाय कोंडलेल्या वाफेने पापडीही नरम पडते.

उरलेले वडे दुसऱ्या सकाळी चामट होतात, कारण शिजलेल्या स्टार्चच्या साखळ्या निवल्यावर पुन्हा जवळ येऊन स्फटिकासारख्या रचल्या जातात. ही क्रिया चार-पाच अंशांच्या आसपास जलद होते, म्हणजे फ्रिजमध्ये. ज्यांना सकाळच्या चहाबरोबर शिळे वडे हवेत त्यांनी ते रात्री पूर्ण निववून बाहेरच डब्यात ठेवावेत आणि सकाळी मंद आचेच्या तव्यावर तेल न घालता गरम करावेत. साठ अंशांच्या पुढे यातली बरीच रचना पुन्हा विरघळते आणि वडा मऊ होतो. तो पुन्हा फुगत मात्र नाही, कारण पापडी आता ताणली जात नाही.