मतपेट्या हेलिकॉप्टरने का न्याव्या लागतात, आणि गोव्याचं काम फेरीबोटीवर कसं भागतं

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. चिन्ह पेटीवर, मतपत्रिका कोरी. दहा उमेदवार म्हणजे एका केंद्रावर किमान दहा पोलादी पेट्या. त्या बैलगाडी, होडी किंवा माणसांच्या डोक्यावरून जात. १९६२ पर्यंत मतपत्रिकेवरच शिक्का मारण्याची पद्धत रुळली आणि हे ओझं एकदम हलकं झालं. गोवा या टप्प्यावर भारतात आला. डिसेंबर १९६३ ची पहिली विधानसभा निवडणूक आणि १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल (फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळा केंद्रशासित प्रदेश) ही दोन्ही मतदानं शिक्क्याचीच.

हेलिकॉप्टरचा संबंध अंतराशी कमी, रस्त्याच्या भरवशाशी जास्त. हिमाचलातल्या बडा भंगालला जायला घाटवाटांशिवाय मार्ग नाही. गडचिरोलीत रस्ता असतो, पण त्याखाली भूसुरुंग असू शकतो. आकाशही निर्धोक नाही: नोव्हेंबर २००८ मध्ये छत्तीसगडात मतदान पथक आणणाऱ्या हवाई दलाच्या हेलिकॉप्टरवर गोळीबार होऊन एक जवान ठार झाला.

एमआय-१७ या हवाई दलाच्या हेलिकॉप्टरमध्ये साधारण २४ माणसं बसतात, ती कागदावर. उन्हाळ्यात हवा विरळ होते, उचल घटते. म्हणून माणसं आणि सामान यांचं वजन करूनच यादी ठरते. उतरायची जागा सपाट हवी, चुन्याने खूण केलेली, शक्यतो पाणी मारलेली. नाहीतर पंख्याच्या वाऱ्याने इतकी धूळ उडते की वैमानिकाला जमीनच दिसत नाही. अशा जागी रात्री उतरणं टाळतात. नक्षलग्रस्त भागात मतदान दुपारी ३ लाच संपतं, त्यामागे अंधाराआधी परतण्याचाच हिशेब आहे. ढग खाली आले, तर सीलबंद यंत्रांसह पथक मुक्कामी.

गोवा यंत्रांकडे लवकर वळला. जून १९९९ ची विधानसभा निवडणूक संपूर्ण राज्यात मतदान यंत्रांवर झाली, देशात पहिल्यांदाच. २०१७ मध्ये चाळीसही मतदारसंघांत व्हीव्हीपॅट, म्हणजे दिलेल्या मताची कागदी चिठ्ठी दाखवणारं यंत्र आलं. या यंत्राच्या मागे कागदाचं रीळ अडकवणारी खिट्टी असते: नेताना आडवी, मतदानाच्या वेळी उभी. ती उभीच ठेवून यंत्र हलवलं, की धक्क्यांनी रीळ सरकतं आणि यंत्र केंद्रावर पोचताच बिघाड दाखवतं. वाहन कोणतंही असो, हे पहिल्यांदा बघावं.

तरीही गोव्यात पेटी अडगळीत गेलेली नाही. ग्रामपंचायत आणि जिल्हा पंचायत निवडणुका मतपत्रिकेवरच होत आल्या आहेत. १० ऑगस्ट २०२२ ला १८६ पंचायतींचं मतदान भर पावसात झालं. अशा दिवसांत हेलिकॉप्टर तसंही बेभरवशाचं, आणि ३,७०२ चौरस किलोमीटरच्या राज्यात त्याची गरजही नसते. सत्तरीतल्या सुर्ल्याला चोरला घाटाने गाडी जाते. दिवाडी बेटाला पूल नाही, तिथे पेट्या फेरीबोटीने नदी ओलांडतात. भरती-ओहोटीप्रमाणे धक्क्यावरचा उतार बदलतो, तेव्हा पेट्या गाडीत घट्ट बांधून, वर प्लास्टिक घालूनच चढवाव्या लागतात. मोठा शत्रू म्हणजे दमटपणा. पेटीभोवतीच्या ओल्या कापडावर सीलची लाख धरत नाही आणि सील सुटलेलं दिसलं, की मतमोजणीच्या टेबलावर पहिली हरकत तिथेच येते. म्हणून पेटी कोरडी पुसून, लाख पूर्ण गार झाल्यावरच ती केंद्राबाहेर काढायची. फेरीबोट थोडी थांबली तरी चालेल.