आपल्या नावाची जेआरएफ आणि प्रकल्पातली जेआरएफ

वैद्यक किंवा आरोग्य या क्षेत्रात पीएच.डी. करू पाहणारी खानदेशातली मुलगी जेव्हा ‘मला जेआरएफ मिळाली’ असे घरी सांगते, तेव्हा त्या एका वाक्यामागे दोन अगदी वेगळ्या व्यवस्था असू शकतात. एक म्हणजे राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा देऊन तिच्या स्वतःच्या नावावर मंजूर झालेली कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती. आणि दुसरी म्हणजे एखाद्या प्राध्यापकाला किंवा संस्थेला मंजूर झालेल्या संशोधन प्रकल्पातली, जाहिरात देऊन मुलाखतीतून भरलेली जागा. दोन्हींना लोक जेआरएफच म्हणतात आणि बहुतेक वेळा महिन्याची रक्कमही सारखीच असते, त्यामुळे जामनेर असो की शहादा, ‘पोरले पगार कितला?’ या घरच्यांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर दोन्ही वेळा एकच निघते. फरक दिसू लागतो तो तिसऱ्या-चौथ्या वर्षी, आणि मुलींच्या बाबतीत बहुधा लग्न ठरल्यावर.

रकमेचे आधी सांगून टाकतो, कारण त्यात फारसे गुंतागुंतीचे काही नाही. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफची रक्कम दरमहा ३१,००० रुपयांवरून ३७,००० रुपये झाली, आणि दोन वर्षांनंतर मिळणाऱ्या वरिष्ठ फेलोशिपची, म्हणजे एसआरएफची, ३५,००० वरून ४२,००० रुपये झाली. त्यावर घरभाडे भत्ता मिळतो आणि तो शहराच्या वर्गानुसार ठरतो. मुंबई-पुणे ‘एक्स’ वर्गात, नाशिक ‘वाय’ वर्गात, तर जळगाव, धुळे आणि नंदुरबार ‘झेड’ वर्गात येतात. पुण्यातल्या मैत्रिणीच्या आणि आपल्या आकड्यांत फरक दिसला, तर तो बहुतेक वेळा इथून आलेला असतो.

स्वतःच्या नावाची जेआरएफ विद्यापीठ अनुदान आयोग, सीएसआयआर (वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद) यांसारख्या संस्थांच्या परीक्षांतून मिळते. आरोग्याशी संबंधित मुलींनी यातला आपला दरवाजा कोणता, हे नीट पाहावे लागते. सूक्ष्मजीवशास्त्र, जैवरसायनशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान केलेल्यांसाठी सीएसआयआरचा जीवशास्त्राचा पेपर असतो. आयोगाच्या नेटमध्ये, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेत, सामाजिक वैद्यक व सामुदायिक आरोग्य हा विषय आहे, तसेच मानसशास्त्र आणि गृहविज्ञान आहे, आणि डिसेंबर २०२४ पासून आयुर्वेद जीवशास्त्रही त्यात आले. नर्सिंगला मात्र त्या यादीत स्वतंत्र जागा नाही, आणि आपल्या भागातल्या नर्सिंग महाविद्यालयांची संख्या पाहता ही उणीव लहान नव्हे. आयोगाच्या जेआरएफसाठी सर्वसाधारण वयोमर्यादा ३० वर्षे असून महिलांना पाच वर्षांची सवलत आहे. एम. एस्सी.नंतर लग्न आणि मूल यांत चार-पाच वर्षे गेलेल्या मुलीला ‘आता वय निघून गेले’ असे परस्पर सांगणारे पुष्कळ भेटतात. तिने ते ऐकण्याआधी माहितीपत्रक उघडून पाहावे.

ही फेलोशिप एकदा मिळाली की ती त्या मुलीची असते. आयोगाच्या योजनेत पहिली दोन वर्षे जेआरएफ, मग कामाचे मूल्यमापन होऊन पुढची तीन वर्षे एसआरएफ, अशी एकूण पाच वर्षे ती चालते. मार्गदर्शक निवृत्त झाले किंवा विषय बदलला, तरी ती आपोआप बंद पडत नाही. दोन्ही संस्थांची ना हरकत घेऊन ती दुसऱ्या विद्यापीठात नेताही येते.

प्रकल्पातल्या जागेचे तसे नाही. तिथे पैसा प्रकल्पाचा असतो, तो संस्थेच्या खात्यावर मुख्य संशोधकाच्या जबाबदारीवर येतो आणि ठरवून दिलेल्या शीर्षांखालीच, म्हणजे खर्चाच्या बाबींवरच, खर्च होतो. त्यातले एक शीर्ष ‘मनुष्यबळ’ असते आणि आपली मुलगी त्या शीर्षाखाली असते. नेमणूकपत्रात दोन गोष्टी हमखास लिहिलेल्या असतात: ही नेमणूक निव्वळ तात्पुरती आहे, आणि ती प्रकल्पासोबत संपुष्टात येईल. प्रकल्प बहुधा तीन वर्षांचा असतो. त्यातले सहा-आठ महिने खरेदी, नैतिक समितीची मंजुरी आणि नेमणुका यांतच जातात. पीएच.डी.चा किमान कालावधीच तीन वर्षे असल्यामुळे, प्रबंध लिहायला बसण्याची वेळ येते तेव्हा दरमहाचे पैसे थांबलेले असतात. शिवाय प्रकल्पात रुजू होणे म्हणजे पीएच.डी.ला प्रवेश मिळणे नव्हे, याचा विसर पडू देऊ नये. नोंदणीसाठी विद्यापीठाची प्रवेशप्रक्रिया वेगळी पार पाडावीच लागते, मग ते जळगावचे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ असो की नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. काही जाहिरातींत ‘उमेदवारास पीएच.डी.साठी नोंदणी करता येईल’ असे स्पष्ट म्हटलेले असते. काहींत त्याचा उल्लेखही नसतो, आणि अशा ठिकाणी तो प्रश्न मुलाखतीतच विचारून घ्यावा, रुजू झाल्यावर नव्हे.

आता लग्नाचे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पीएच.डी.विषयक २०२२ च्या विनियमांत महिलांसाठी काही तरतुदी आहेत, आणि त्यांतली एक आपल्या मुलींनी शब्दशः वाचण्यासारखी आहे. विवाहामुळे किंवा अन्य कारणाने स्थलांतर करावे लागलेल्या महिला संशोधकाला आपली संशोधनसामग्री नव्या संस्थेत नेऊ द्यावी, असे ती सांगते. जळगावला नोंदणी केलेली मुलगी सुरतेला किंवा पुण्याला सासरी गेली, तर तिचे तोवरचे काम वाया जाऊ नये हा त्या तरतुदीचा हेतू आहे. परंतु त्याच वाक्यात पुढे अट आहे की ते संशोधन मूळ संस्थेला किंवा मार्गदर्शकाला एखाद्या अनुदान संस्थेने मंजूर केलेल्या प्रकल्पाशी संबंधित नसावे. मूळ संस्थेला आणि मार्गदर्शकाला श्रेय द्यावे, ही दुसरी अट रास्तच आहे आणि तिचे ओझे होत नाही. पहिली अट मात्र दोन जेआरएफमधला खरा फरक उघडा करते. स्वतःच्या नावाची फेलोशिप असलेली आणि स्वतंत्र विषयावर काम करणारी मुलगी फेलोशिप आणि सामग्री दोन्ही घेऊन जाऊ शकते. प्रकल्पातल्या मुलीचा पगार तर जागेवर राहतोच, शिवाय नियमाचे हे संरक्षणही तिला मिळत नाही.

इथे आणखी एक पेच आहे आणि तो सहसा कोणी सांगत नाही. फेलोशिप स्वतःची असूनही विषय मार्गदर्शकांच्या प्रकल्पातलाच घेतला, तर पैसे तिच्यासोबत जातील, पण सामग्री अडू शकते, कारण ही अट कामाकडे पाहते, पगार कोठून येतो याकडे नव्हे. लग्नाची बोलणी चालू असलेल्या घरात हा मुद्दा विषयनिवडीच्या वेळीच बोलला गेला पाहिजे. मुलीने बोलायचे की वडिलांनी, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण मार्गदर्शकांसमोर तो काढायला संकोच करू नये, कारण विनियम त्यांच्याही टेबलावर असतात.

त्याच विनियमांनुसार पीएच.डी.चा कमाल कालावधी सहा वर्षे असून पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षे मिळतात, आणि महिलांना त्यावर दोन वर्षांची सवलत असल्याने एकूण मर्यादा दहा वर्षांपर्यंत जाते. संपूर्ण कालावधीत एकदा प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजाही घेता येते. पण ही मुदत आणि ही रजा नोंदणीची आहे, पैशांची नव्हे. नोंदणी दहा वर्षे जिवंत राहिली तरी फेलोशिप पाच वर्षांनी संपते. प्रसूतीच्या काळात आयोगाच्या फेलोशिपमध्ये सरकारी नियमांप्रमाणे पूर्ण दराने, संपूर्ण कालावधीत एकदा, पैसे मिळतात. केंद्राच्या अनुदानावरील प्रकल्पांतील महिलांनाही प्रसूतिरजा लागू आहे. तथापि रजेतले महिने प्रकल्पाच्या शेवटी भरून मिळत नाहीत, प्रकल्प ठरलेल्या तारखेला संपतो.

एवढे वाचून प्रकल्पातली जागा म्हणजे दुय्यम, असा निष्कर्ष कोणी काढला तर तो आरोग्यसंशोधनाच्या बाबतीत तरी चुकेल. फेलोशिप माणसाला पोसते, संशोधनाला पोसत नाही. आयोगाच्या जेआरएफमध्ये विज्ञान विषयांना आकस्मिक खर्चासाठी पहिल्या दोन वर्षांत वर्षाला १२,००० आणि नंतर २५,००० रुपये मिळतात. आता समजा, विषय आहे सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुवा भागातील गरोदर स्त्रियांमधला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. गावात करता येणारी विद्राव्यता चाचणी स्वस्त आहे, पण ती वाहक आणि रुग्ण यांत भेद करू शकत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या प्रयोगशाळेतल्या तपासण्या कराव्या लागतात. नमुने थंड ठेवून पाड्यांवरून खाली आणायचे, त्यासाठी गाडी, सोबत पावरी किंवा भिली बोलणारी कार्यकर्ती, संमतीपत्र त्या बाईला समजेल अशा भाषेत समजावून सांगायला लागणारा वेळ, आणि आजार आढळला तर तिला उपचारांपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी, हे सारे बारा हजारांत होत नाही. प्रकल्पात साहित्य, प्रवास आणि उपकरणे यांची शीर्षे वेगळी असतात. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू झाल्यापासून हा विषय धोरणाच्या केंद्रस्थानीही आला आहे. अशा विषयात प्रकल्पाविना एकटीने उभे राहणे अवघड आहे, आणि ज्या मुलीची फेलोशिप स्वतःची आहे, पण मार्गदर्शकांकडे प्रयोगशाळेपुरता प्रकल्प आहे, तिची स्थिती माझ्या मते सर्वांत बरी. वर सांगितलेला सामग्रीचा पेच तिने लेखी सोडवून घेतला म्हणजे झाले. प्रकल्पातली कोणती माहिती प्रबंधात वापरता येईल आणि शोधनिबंधावर नाव कोणत्या क्रमाने येईल, याचे एक साधे पत्र सुरुवातीलाच घेतले तर पुढचे पुष्कळ रुसवेफुगवे टळतात.

पदनामांचेही थोडे बदलले आहे. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, प्रकल्पांत आता प्रोजेक्ट टेक्निकल सपोर्ट आणि प्रोजेक्ट रिसर्च सायंटिस्ट अशा पदांच्या जाहिराती येतात. त्यातल्या प्रोजेक्ट रिसर्च सायंटिस्टच्या पहिल्या श्रेणीला वैद्यकीय पदवीधरांसाठी ६७,००० आणि इतरांसाठी ५६,००० रुपये, अधिक घरभाडे, असा दर आहे. धुळ्याच्या किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस होऊन बाहेर पडलेल्या मुलीला ३७,००० च्या फेलोशिपपेक्षा हे आकर्षक वाटणे स्वाभाविक आहे. पण ही नोकरी आहे, पीएच.डी.ची शिष्यवृत्ती नव्हे, आणि तिच्या कामाचे तास प्रकल्पाचे असतात.

परीक्षेविना मिळणाऱ्या, तरीही व्यक्तीच्याच नावाच्या काही फेलोशिप आहेत आणि त्या खानदेशात अधिक माहीत व्हायला हव्यात. आदिवासी मुलींसाठी केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाची राष्ट्रीय फेलोशिप आहे, तिच्या देशभरात दरवर्षी ७५० जागा असतात. राज्यात अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा आणि कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागासवर्ग, विमुक्त-भटके आणि विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती या संस्थांच्या योजना आहेत. आई-वडिलांच्या एकुलत्या एक मुलीसाठी आयोगाची सावित्रीबाई जोतीराव फुले फेलोशिप आहे आणि जुळ्या मुलींनाही तिच्यासाठी अर्ज करता येतो, मात्र भाऊ असल्यास ती मिळत नाही. विज्ञानात संशोधन करू पाहणाऱ्या २७ ते ४५ वयोगटातील महिलांसाठी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची वाइज-पीएच.डी. योजना आहे. यांतल्या बहुतेकींत क्रम उलटा असतो: नेट-जेआरएफमध्ये आधी फेलोशिप मग नोंदणी, तर इथे आधी पीएच.डी.ची नोंदणी पक्की आणि मग अर्ज. जाहिरात आल्यावर नोंदणीच्या मागे धावणाऱ्यांची ती फेरी हातची जाते.

दरमहा पैसे प्रत्यक्ष हाती कसे पडतात, इथेही दोन्ही वाटा वेगळ्या आहेत. आयोगाची फेलोशिप कॅनरा बँकेच्या पोर्टलमार्फत आधारशी जोडलेल्या खात्यात येते, पण त्याआधी विद्यापीठातून दर महिन्याला उपस्थितीची पुष्टी जावी लागते. एक कर्मचारी नोंद भरतो, त्याला तिथे ‘मेकर’ म्हणतात, आणि दुसरा अधिकारी ती मंजूर करतो, तो ‘चेकर’. दोघांपैकी एक रजेवर असला की महिना चुकतो आणि पुढच्या महिन्यात थकबाकी म्हणून मागावा लागतो. म्हणून मार्गदर्शकांच्या सहीचा कागद महिना संपताच विभागात देणे, ही सवय पहिल्या महिन्यापासून लावावी. प्रकल्पात पगार संस्था देते, परंतु पुढच्या वर्षाचा हप्ता मागच्या वर्षाचे उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरलेल्या कामासाठीच खर्च झाल्याचा दाखला) आणि खर्चाचा हिशेब गेल्याशिवाय सुटत नाही, त्यामुळे एप्रिल-मे ओलांडून पगार लांबणे ही अपवादात्मक बाब नाही.

दोन्ही पैसे एकाच वेळी घेता येत नाहीत. प्रकल्पात काम करत असताना नेट-जेआरएफचा निकाल लागला, तर राजीनामा देऊन, कार्यमुक्तीचे पत्र हातात घेऊन मगच फेलोशिपवर रुजू व्हावे. दोन्हींच्या तारखा एका दिवसाने जरी एकमेकींवर आल्या, तरी ती रक्कम पुढे वसूल होऊ शकते. प्रकल्पात घालवलेले महिने फेलोशिपच्या पाच वर्षांतून वजा होत नाहीत, मात्र पीएच.डी.ची नोंदणी आधीच झालेली असेल, तर तिचे घड्याळ तेव्हापासूनच चालू असते.