अंतरिम वित्तीय अहवाल : लेखाधोरणे आणि रास्त मूल्यमापन

आर्थिक वर्ष संपण्याआधी, तीन, सहा किंवा नऊ महिन्यांच्या कामकाजावर कंपनीने सादर केलेला हिशेब म्हणजे अंतरिम वित्तीय अहवाल. भारतात त्याचे निकष ‘इंड एएस 34’ या भारतीय लेखा मानकात (‘इंडियन अकाउंटिंग स्टँडर्ड’) आहेत. मात्र असा अहवाल कोणी आणि कधी द्यायचा, याबाबत हे मानक गप्प आहे. ते काम सेबीच्या 2015 च्या सूचिबद्धताविषयक विनियमांतील विनियम 33 करतो. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला तिमाही संपल्यापासून 45 दिवसांत निकाल द्यावे लागतात, वार्षिक निकालांना 60 दिवस मिळतात. तिमाही आकड्यांचे पूर्ण लेखापरीक्षण सक्तीचे नसते. लेखापरीक्षक बहुधा विचारपूस आणि तुलना यांवर भर देऊन मर्यादित तपासणी करतात. सीए मंडळींच्या बोलण्यात तिला ‘लिमिटेड रिव्ह्यू’ म्हणतात.

गोव्यात नोंदणीकृत कार्यालय असलेल्या सूचिबद्ध कंपन्या मोजक्याच आहेत. पणजीची गोवा कार्बन आणि सत्तरीतल्या होंडा येथे बसगाड्यांचे सांगाडे बांधणारी ऑटोमोबाईल कॉर्पोरेशन ऑफ गोवा ही ठळक नावे. तरीही तिमाहीची धावपळ त्यांच्यापुरती राहत नाही. 1 एप्रिल 2019 पासून उपकंपन्यांसह एकत्रित तिमाही निकाल सक्तीचे झाले, त्यामुळे मुंबईतल्या सूचिबद्ध कंपनीची उपकंपनी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत असेल, तर तिथल्या हिशेबनिसालाही तिमाही संपताच आकडे बंद करून पाठवावे लागतात.

आंतरराष्ट्रीय मानक ‘आयएएस 34’ 1998 मध्ये निघाले, भारतातले जुने ‘एएस 25’ 2002 मध्ये आले. इंड एएस मानके फेब्रुवारी 2015 मध्ये अधिसूचित झाली आणि 500 कोटी रुपये किंवा त्याहून अधिक निव्वळ मूल्य असलेल्या कंपन्यांना 1 एप्रिल 2016 पासून, उरलेल्या बहुतेक सूचिबद्ध कंपन्यांना 1 एप्रिल 2017 पासून लागू झाली. बँका अजून त्याबाहेर आहेत.

लेखाधोरणांबाबतचा मूळ नियम एका ओळीचा आहे : गेल्या वार्षिक हिशेबात जी धोरणे वापरली, तीच तिमाहीतही वापरायची. वर्षाच्या मध्ये धोरण बदलले, तर त्या वर्षातल्या आधीच्या तिमाह्यांचे आणि तुलनेसाठी दिलेल्या गतवर्षीच्या आकड्यांचेही पुनर्लेखन करावे लागते. नाहीतर जूनचा नफा एका पट्टीने आणि सप्टेंबरचा दुसऱ्या पट्टीने मोजला जाईल. दुसरे तत्त्व असे की अहवाल किती वेळा दिला यावरून वर्षाचा निकाल बदलता कामा नये. म्हणून मोजणी वर्षाच्या सुरुवातीपासून त्या तारखेपर्यंतची धरली जाते.

हे तत्त्व कळायला गोव्याइतकी सोयीची जागा नाही, कारण इथले उत्पन्न हंगामी आहे. कळंगुट-बागा पट्ट्यातल्या हॉटेलाची खरी कमाई ऑक्टोबरनंतरची. जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत खोल्या रिकाम्या असतात आणि नेमकी तेव्हाच छपराची गळती काढणे, रंगकाम, तरणतलावाची दुरुस्ती चालते. हा खर्च डिसेंबरच्या गर्दीसाठीच आहे, तेव्हा तो डिसेंबरच्या तिमाहीत टाकू, हा व्यवस्थापकाचा युक्तिवाद व्यवहारात पटण्यासारखा असला तरी मानकाला मान्य नाही. दुरुस्तीचा खर्च ज्या तिमाहीत झाला, त्याच तिमाहीत दिसायला हवा. दुरुस्ती ठरलेली आहे म्हणून आधीच तरतूदही करता येत नाही. उत्पन्नालाही हाच न्याय. चतुर्थीच्या बोनसचे मात्र वेगळे : तो देणे कायद्याने किंवा रूढीने बंधनकारक असेल आणि रकमेचा विश्वसनीय अंदाज करता येत असेल, तर कामगारांनी काम केलेल्या महिन्यांप्रमाणे तो साचत जातो आणि जूनच्या हिशेबातही त्याचा वाटा धरला जातो. व्यवसाय फारच हंगामी असेल, तर गेल्या बारा महिन्यांचे आकडेही द्यावेत, असे मानक सुचवते. ही सूचना फार थोड्या कंपन्या मनावर घेतात.

प्राप्तिकराचा हिशेब वर्षाच्या अंदाजित सरासरी दराने होतो. समजा, एखाद्या हॉटेल कंपनीला वर्षभरात 4 कोटींचा नफा आणि त्यावर 1 कोटी कर अपेक्षित आहे. दर 25 टक्के झाला. पहिल्या सहामाहीत 2 कोटींचा तोटा झाला, तर 50 लाखांची कराची वजावट त्याच सहामाहीत नोंदवली जाते, कारण वर्षअखेरीस नफा होणार हे गृहीत आहे. म्हणजे पावसाळ्यातला तोटा कागदावर दीड कोटींचाच दिसतो. पुढे पर्यटक आलेच नाहीत, तर अंदाज बदलतो आणि त्याचा फटका नंतरच्या तिमाहीला बसतो.

रास्त मूल्य या सगळ्याच्या उलट दिशेने चालते. बाकीचा हिशेब वर्षाच्या ओघात मोजायचा, आणि रास्त मूल्य नेमक्या त्या दिवशीचे. ‘इंड एएस 113’ नुसार मोजणीच्या दिवशी, बाजारातल्या जाणत्या पक्षांमधल्या सुरळीत व्यवहारात मालमत्ता विकून जी किंमत मिळेल किंवा दायित्व दुसऱ्याकडे सोपवण्यासाठी जी द्यावी लागेल, ते रास्त मूल्य. नड म्हणून केलेली विक्री यात बसत नाही. मोजणीसाठी वापरलेल्या माहितीचे तीन स्तर आहेत. शेअर बाजारातला त्याच शेअरचा जाहीर भाव पहिल्या स्तरात येतो. निर्यातदाराने बँकेशी केलेल्या डॉलरच्या वायदा कराराचे मूल्य बाजारातल्या विनिमयदरांवरून काढता येते, ते दुसऱ्यात. असूचिबद्ध कंपनीतले शेअर तिसऱ्यात. तिथे कंपनीची स्वतःची गृहीतके येतात आणि वादाला तोंड फुटते ते तिथेच.

काजूचे उदाहरण इथे जवळून पाहण्यासारखे आहे. शेतीविषयक ‘इंड एएस 41’ प्रमाणे काजूचे झाड ही फळ देणारी वनस्पती, तिचा हिशेब यंत्रासारखा मूळ खर्चाने. झाडावरचे फळ मात्र जैविक मालमत्ता. ते विक्रीखर्च वजा जाता रास्त मूल्याने मोजायचे. गोव्यातला काजूचा हंगाम साधारण फेब्रुवारीत सुरू होऊन मेपर्यंत चालतो, म्हणजे 31 मार्च नेमका मध्ये येतो. त्या दिवशी झाडावर असलेल्या बोंडूंचे, म्हणजे काजूफळांचे, मूल्य जुन्या वर्षात आणि तोडणी नव्या वर्षात. समजा, सत्तरीत बागायत असलेल्या कंपनीच्या दृष्टीने फोंड्याच्या बाजारात बियांचा भाव किलोला 120 रुपये आहे, वाहतूक 3 रुपये आणि दलाली 2 रुपये. माल कुठे आहे हा त्याच्या मूल्याचाच भाग असल्यामुळे वाहतूक वजा होऊन रास्त मूल्य 117 रुपये येते. दलाली हा व्यवहाराचा खर्च, तो रास्त मूल्यातून वजा होत नाही; पण या मानकाला विक्रीखर्च वजा हवा असल्याने नोंद 115 रुपयांनी होते. तोडणीनंतर रास्त मूल्याचा संबंध संपतो. बोंडू भट्टीवर गेला, त्याची हुर्राक (पहिल्या धारेची दारू) आणि पुढे फेणी झाली, की तो साधा माल-साठा. तोडणीच्या वेळचे मूल्य हीच त्याची मूळ किंमत धरतात. घरच्या कुळागरात (बागायतीत) चार झाडे असलेल्या बागायतदाराला यातले काहीच लागू नाही, हे त्याचे भाग्य.

लोहखनिजाच्या व्यवसायाने अंतरिम अहवालाची कसोटीच पाहिली आहे. निर्यात करारात भाव बहुधा तात्पुरता असतो. खरेदीदाराच्या बंदरात लोहाचे प्रमाण आणि ओलावा तपासल्यावर आणि ठरलेल्या काळातल्या भावनिर्देशांकावरून तो पक्का होतो. मधल्या काळात तिमाही संपली, तर ते येणे रास्त मूल्याने मोजून फरक नफ्यातोट्यात न्यावा लागतो. निर्देशांक 62 टक्के लोहाच्या खनिजाचा आणि गोव्याच्या बऱ्याचशा खनिजात लोह त्याहून कमी, त्यामुळे भावात कसर करावी लागते. ती कसर बाजारातल्या माहितीवर बसवता आली तर दुसरा स्तर. ती मोठी आणि अंदाजाची असेल तर तिसरा.

10 सप्टेंबर 2012 रोजी राज्य सरकारने खाणकाम स्थगित केले. वीस दिवसांनी तिमाही संपली, आणि 5 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम व खनिज वाहतूक दोन्ही थांबवली. पावसाळ्यात उत्खनन तसेही मंदावलेले असते, त्यामुळे विक्रीचा आकडा पाहून वाचकाला फार काही कळले नसते. खरा प्रश्न खाणी, यंत्रे आणि खनिज वाहणाऱ्या बार्ज (सपाट तळाच्या बोटी) यांच्या मूल्याचा होता. इंड एएस तेव्हा लागू नव्हते. आजच्या नियमांनी पाहायचे तर राज्य सरकारचा आदेश 30 सप्टेंबरच्या बाजाराला ठाऊक होता, म्हणून तो त्या दिवशीच्या मूल्यात धरायचा. न्यायालयाचा आदेश तिमाहीनंतरचा, तो टिपणीत सांगायचा. वसुलीयोग्य मूल्य (मालमत्ता विकून किंवा वापरून मिळू शकणारी रक्कम) पुस्तकी मूल्याहून कमी ठरले, तर हानी त्याच तिमाहीत नोंदवायची, मार्चची वाट पाहायची नाही. पुढे 7 फेब्रुवारी 2018 च्या निकालाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द होऊन 16 मार्चपासून काम थांबले, तेव्हा वर्षअखेर तोंडावर होती आणि पूर्ण लेखापरीक्षण होणारच होते.

गुडविलची, म्हणजे दुसरा धंदा विकत घेताना त्याच्या निव्वळ मालमत्तेहून जास्त मोजलेल्या रकमेची, हानी हा या मांडणीतला अवघड सांधा आहे. 2020 च्या जून तिमाहीत हॉटेले बंद असताना एखाद्या कंपनीने गुडविल कमी केले असेल, तर मार्चपर्यंत धंदा सावरला तरी ती नोंद उलटवता येत नाही. फक्त वर्षातून एकदा अहवाल देणाऱ्या कंपनीला मात्र तो तोटा कदाचित दाखवावाच लागला नसता. अहवालांच्या संख्येने वार्षिक निकाल बदलू नये, या तत्त्वाला हा सरळ छेद आहे. मानकांनी तो जाणूनबुजून स्वीकारला आहे.

भाड्याने दिलेल्या जमिनी आणि इमारती भारतात ताळेबंदात मूळ खर्चानेच दाखवतात. आंतरराष्ट्रीय मानकातला रास्त मूल्याचा पर्याय ‘इंड एएस 40’ मध्ये ठेवलेला नाही. रास्त मूल्य टिपणीत द्यावे लागते, आणि गोव्यात ते काढणे सोपे नाही. मालमत्तेचा सर्वोत्तम वापर कोणता, हे ठरवताना तो शक्य, कायदेशीर आणि फायद्याचा असावा लागतो. प्रादेशिक आराखडा 2021 मध्ये जमीन वसाहत विभागात आहे की ऑर्चर्ड म्हणजे बागायती विभागात, किनारी नियमन क्षेत्रात येते का, तिच्यावर 1964 च्या कायद्याचे कूळ किंवा 1975 च्या कायद्याचा मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) आहे का, कोमुनिदादचा (गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेचा) दावा आहे का, यांतल्या एकेका उत्तराने किंमत कित्येक पटींनी हलते. शेजारच्या सर्व्हे नंबरचा भाव तसाच उचलता येत नाही, म्हणून हे मूल्य बहुधा तिसऱ्या स्तरात जाते. वर्षातून एकदा नोंदणीकृत मूल्यांकक बोलावतात. तिमाहीसाठी बाहेरचा मूल्यांकक हवाच असे नाही, आधीचे मूल्य पुढे ओढून अंदाज केला तरी चालतो.

वित्तीय साधनांची स्तरवार रास्त मूल्ये अंतरिम अहवालातही द्यावीत, असे इंड एएस 34 सांगते. सेबीच्या ठरावीक नमुन्यातल्या निकालात ती सहसा सापडत नाहीत, कारण ते निकाल मानकाची मोजणीची तत्त्वे पाळतात, सगळी प्रकटीकरणे देत नाहीत. मार्च तिमाहीचा तर वेगळा हिशेबच नसतो : वर्षाच्या लेखापरीक्षित आकड्यांतून डिसेंबरपर्यंतचे नऊ महिने वजा करून उरतो तो आकडा. वर्षभरातले चुकलेले अंदाज आणि मूल्यांकनातल्या दुरुस्त्या याच आकड्यात येऊन पडतात, आणि हॉटेलांच्या बाबतीत ती नेमकी कमाईच्या हंगामातली तिमाही असते.