मॉडेल जाम झालेलं नाही, पिवळी खुंटी घाला
(सार्कोमिअर मॉडेल वापरणारे शिक्षक आणि प्रयोगशाळा सहायक यांच्यासाठी माहितीपत्रक)

आमच्याकडे दुरुस्तीला परत येणाऱ्या बहुतेक मॉडेलांत मुळात बिघाड नसतोच. सोबतच्या चिठ्ठीत दोनपैकी एक तक्रार असते: "तंतू आखडत नाहीत" किंवा "डोकी जाम झाली आहेत". पहिल्या तक्रारीत मॉडेल धडधाकट असतं. दुसरीत तेही धडधाकट असतं, पण जोर लावल्यामुळे एकदोन पिना मोडलेल्या असतात. पार्सल जाऊन परत येईपर्यंत तुमचा तो धडा संपून गेलेला असतो, म्हणून हे पत्रक.

फळीवर नेमकं काय दाखवलंय ते आधी पाहू. दंडातला स्नायू हा स्नायूपेशींच्या जुडग्यांचा बनलेला असतो. एकेक पेशी केसाइतकी किंवा त्याहून बारीक, पण कित्येक सेंटिमीटर लांब असू शकते आणि तिच्यात अनेक केंद्रकं असतात. पेशीच्या आत लांबीच्या दिशेने शेकडो तंतुकं असतात, आणि प्रत्येक तंतुकात एकापुढे एक सार्कोमिअर, म्हणजे आखूड होणारे छोटे घटक, जोडलेले असतात. तुमच्या फळीवर त्यातला फक्त एक सार्कोमिअर आहे, दोन लाख पट मोठा केलेला. खरा २.२ मायक्रोमीटर, फळीवर ४४ सेंटिमीटर. मधली जाड लाल दांडी मायोसिन या प्रथिनाची, ३२ सेंटिमीटर; तिच्यावरची डोकी निळ्या दांड्यांना धरून ओढतात. दोन्ही टोकांच्या झेड प्लेटांना, म्हणजे सार्कोमिअरच्या दोन कडांना, जोडलेल्या निळ्या दांड्या ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाच्या, प्रत्येकी २० सेंटिमीटर. मापं बेडकाच्या स्नायूची घेतली आहेत, कारण त्यात हिशेब सोपा बसतो. माणसाचे ॲक्टिन तंतू याहून थोडे लांब असतात. डोकी आणि दांड्यांची जाडी मात्र मापात नाही. मापात ठेवली असती तर मायोसिनची दांडी जेमतेम ३ मिलिमीटर जाडीची झाली असती आणि मागच्या बाकावरून कुणाला काहीच दिसलं नसतं.

आता पहिली तक्रार. दांड्या आखडत नाहीत, कारण त्या आखडायच्याच नाहीत. स्नायू आखूड होतो तेव्हा ना मायोसिनची लांबी कमी होते, ना ॲक्टिनची. निळ्या दांड्या लाल दांडीच्या बाजूने आत सरकतात, एवढंच. १९५४ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकाच्या एकाच अंकात हे सांगणारे दोन स्वतंत्र निबंध आले. एक ए. एफ. हक्सली आणि आर. नीडरगेर्के यांचा, दुसरा एच. ई. हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा. (दोन हक्सली एकमेकांचे भाऊ नव्हेत. हा प्रश्नही आम्हाला नेहमी येतो.) सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना दिसलं ते हे, की आकुंचनात गडद पट्टा (मायोसिनच्या लांबीचा) तेवढाच रुंद राहतो आणि फिकट पट्टा (जिथे फक्त ॲक्टिन असतं) अरुंद होतो. तुमच्या फळीवरही मोजपट्टी लावून पाहा. प्लेटा ४४ वरून ४० सेंटिमीटरवर आणा. लाल दांडी ३२ ची ३२ च राहील. प्रत्येक बाजूचा फिकट भाग ६ वरून ४ वर येईल, आणि मधली ४ सेंटिमीटरची मोकळी जागा, म्हणजे एच क्षेत्र, नाहीसं होईल. विद्यार्थ्यांना हे सांगण्याऐवजी मोजायला लावा. मोजलेलं लक्षात राहतं.

"रबरी तंतू का देत नाही, ताणले की छान आखडतात," असं काही जण विचारतात. तसं मॉडेल बनवणं सोपं आहे आणि स्वस्तही. पण रबरी तंतू पाहिलेला विद्यार्थी परीक्षेत 'मायोसिन आकुंचन पावते' असं लिहून येतो. ते आम्ही करणार नाही.

दुसरी तक्रार जास्त महागात पडते. बहुतेकांच्या मनात असं असतं की स्नायूला एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, लागतो तो ओढण्यासाठी. म्हणून ते डोकं निळ्या दांडीला अडकवतात, वाकवतात, दांडी सरकते, सगळे खूश. मग मॉडेल पूर्वस्थितीत आणायला दोन्ही प्लेटा धरून बाहेर खेचतात. डोकं सुटत नाही. आणखी जोर लावतात. पिन तुटते.

डोकं सुटत नाही कारण ते तसंच बनवलेलं आहे, आणि स्नायूतही तसंच असतं. खरा क्रम असा. डोक्याच्या भोकात पिवळी खुंटी, म्हणजे एटीपी, घातली की डोकं ॲक्टिनपासून सुटतं. खुंटी अर्धा वळसा फिरवली, म्हणजे एटीपीचं विघटन झालं, की डोकं मागे कलून सज्ज होतं. हिरवं बटण, म्हणजे कॅल्शियम, दाबलेलं असेल तर ॲक्टिनवरच्या खाचा झाकणारी ट्रोपोमायोसिनची पट्टी बाजूला झालेली असते आणि डोकं पुढच्या खाचेत बसतं. मग खुंटी बाहेर काढा. डोकं वाकतं, निळी दांडी पुढे येते आणि डोकं तिथेच घट्ट राहतं. नवी खुंटी घालेपर्यंत ते हलणार नाही. थोडक्यात, ओढण्याची ताकद आधीच फुटलेल्या एटीपीतून आलेली असते, आणि सुटायला नवा एटीपी लागतो.

मृत्यूनंतर शरीर ताठरतं ते यामुळेच. एटीपी बनणं थांबतं, कॅल्शियम पेशीत पसरतं, डोकी ॲक्टिनला धरून बसतात आणि सोडवायला काही उरत नाही. पुढे प्रथिनांचं विघटन होऊ लागलं की ताठरपणा जातो. म्हणजे तुमचं 'जाम' झालेलं मॉडेल तेव्हा बरोबर तेच दाखवत असतं. वर्गात हे मुद्दाम करून दाखवणारे काही शिक्षक आहेत, त्यांचा तास रंगतो असं ऐकतो. फक्त त्याला पेटका म्हणू नका. पेटक्यात मज्जातंतूकडून संदेश येत राहतात, एटीपी संपलेला नसतो.

तेव्हा पूर्वस्थितीत आणताना आधी हिरवं बटण सोडा. स्नायूत या वेळी कॅल्शियम परत आपल्या साठ्यात ओढून घेतलं जातं, आणि त्यालाही एटीपी खर्च होतो. मग सगळ्या डोक्यांत खुंट्या घाला. त्यानंतरच प्लेटा हलक्या हाताने बाहेर ओढा. त्या आपोआप मागे का येत नाहीत, असं विचारणाऱ्यांना सांगायचं तर स्नायू फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही. दंडाच्या पुढच्या स्नायूला पुन्हा लांब करायला मागचा स्नायू लागतो. इथे तो मागचा स्नायू म्हणजे तुमचे हात.

आकुंचन दाखवताना मात्र सगळ्या खुंट्या एकदम घालू नका, दांडी घसरेल. दोर ओढताना एक हात सुटतो तेव्हा दुसऱ्याने धरलेलं असतं, तसं करा: एक आड एक डोकं. खऱ्या जाड तंतूत मायोसिनचे सुमारे ३०० रेणू असतात, प्रत्येकाला दोन डोकी, आणि एका झटक्यात डोकं ५ ते १० नॅनोमीटरच सरकवतं. आमच्याकडे प्रत्येक बाजूला चारच डोकी आहेत, म्हणून हे हाताने सांभाळावं लागतं.

प्लेटा ७२ सेंटिमीटरच्या पुढे ओढल्या की निळी आणि लाल दांडी एकमेकींवर येतच नाहीत आणि डोक्यांना धरायला काही मिळत नाही. हाही बिघाड नाही. खरा स्नायूतंतू ३.६ मायक्रोमीटरच्या आसपास ताणला की त्याची ओढ जवळपास शून्य होते. अतिताण दाखवायचा असेल तर टायटिनच्या (सार्कोमिअरमधल्या स्प्रिंगसारख्या प्रथिनाच्या) स्प्रिंगची जोडणी वेगळी मिळते. ती याच फळीवर बसते, नवं मॉडेल घ्यावं लागत नाही.

पिनांचा एक जोड प्रत्येक डब्यात झाकणाच्या आत चिकटवलेला असतो. तो संपला तर फक्त पिना मागवा, फळी पाठवू नका. पाठवावीच लागली तर खुंट्या काढून पिशवीत बांधा आणि प्लेटा ४४ च्या खुणेवर ठेवा. आखूड अवस्थेत पाठवलेल्या फळीची डोकी वाटेत मोडतात, आणि मग दुरुस्ती खरोखरच करावी लागते.