कांद्याचा पापुद्रा आणि गालाची पेशी: सूक्ष्मदर्शीखाली ओळखायचं कशावरून?

आकृतीतली वनस्पतिपेशी हिरवी, चौकोनी, प्राणिपेशी गोल. हे मनात धरून सूक्ष्मदर्शीत डोकावलं की गोंधळ ठरलेला. कांद्याच्या पापुद्र्यात हिरवं काहीच सापडत नाही, आणि एकमेकींना चिकटलेल्या गालाच्या पेशी चक्क कोनदार दिसतात. म्हणून रंग आणि आकार या दोन्ही खुणा मी तरी शेवटीच बघते.

पहिली खूण पेशीभित्तिका. कांद्याच्या लांबट पेशींच्या ओळी शंभरपट वर्धनातही ठळक दिसतात, कारण प्रत्येकीभोवती सेल्युलोजची ताठ भिंत असते आणि शेजारणींच्या भिंती एकमेकींना जोडलेल्या असतात. १६६५ साली रॉबर्ट हूकने बुचाच्या कापात पाहिल्या त्याही अशा भिंतीच. आतली पेशी केव्हाच मेलेली होती. गालाच्या आतल्या बाजूच्या पेशीला भिंत नाही. ती साधारण ५० ते ६० मायक्रोमीटर रुंद, पातळ आणि चपटी. कडा चुरगळलेल्या कागदासारखी कुठेही दुमडलेली. रंग न देता पाहिली तर ती नजरेतून सहज निसटते. मिथिलीन ब्लूचा थेंब टाकला की मधोमध गडद निळं केंद्रक उमटतं. आजूबाजूला निळे बारीक ठिपके दिसले तर ते बहुधा तोंडातले जिवाणू. त्यांना पेशीचे भाग समजू नका.

केंद्रक दोघींतही असतं, पण जागा बघा. आयोडीन दिलेल्या कांद्याच्या पेशीत ते बऱ्याचदा भिंतीला टेकलेलं असतं, कारण मधली जागा मोठ्या रिक्तिकेने (पाणीदार रसाने भरलेल्या पिशवीने) अडवलेली असते. ही खूण मदतीला ठीक, निकालाला नाही.

पेशीपटलाची, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ पडद्याची, गंमत वेगळी. ते दोन्ही पेशींत असतं, पण त्याची जाडी जेमतेम ७ ते ८ नॅनोमीटर, तर साध्या सूक्ष्मदर्शीला सुमारे २०० नॅनोमीटरच्या आतलं वेगळं ओळखता येत नाही. कांद्याच्या पेशीची म्हणून जी रेघ दिसते ती भिंतीची. पटल कुठे आहे ते पाहायचं असेल तर जांभळ्या कांद्याचा पापुद्रा घ्या आणि कव्हरस्लिपच्या कडेने मिठाचं दाट पाणी सोडा. पाणी बाहेर पडून आतला जांभळा भाग आक्रसतो, भिंत जागची हलत नाही, आणि दोघांमध्ये फट पडते. त्या जांभळ्या भागाची कड म्हणजे पटलाची हद्द. भिंत आणि पटल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यापेक्षा चांगलं कुठलीही आकृती पटवून देत नाही. गालाच्या पेशीला असा आधार नसल्याने ती साध्या पाण्यात फुगते, तिच्यासाठी ०.९ टक्के मिठाचं पाणी बरं.

हिरवळ नसण्याचं कारण सोपं: कांदा जमिनीत, अंधारात वाढतो, तिथे हरितलवकं, म्हणजे प्रकाशात अन्न बनवणारे हिरवे दाणे, कशाला? ती पाहायची तर हायड्रिलाचं पान घ्या. हिरवे दाणे पेशीत कडेकडेने सरकतानाही दिसतील. ‘हरितलवक नाही म्हणजे प्राणिपेशी’ हा नियम मुळांनाही लागू पडत नाही.

राहिलं तारककेंद्र, म्हणजे केंद्रकाजवळचा, पेशी विभागताना कामी येणारा बारीक भाग. प्राणिपेशीची खूण म्हणून ते तक्त्यात हमखास असतं, पण शाळेच्या सूक्ष्मदर्शीत ते शोधत बसू नका. आणि जाड काळ्या कडेचं, आत पूर्ण रिकामं, अगदी नेटकं वर्तुळ दिसलं तर तो हवेचा बुडबुडा.