घरची व्यायामाची सायकल: जोडणी आणि मापं

जोडणीत सर्वांत महाग पडणारी चूक डाव्या पेडलची. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध फिरवलं की ते आवळतं. पाय मारताना ते आपोआप सुटू नये म्हणून ही सोय. उजवं नेहमीसारखं. दांड्याच्या टोकाला ‘एल’ किंवा ‘आर’ कोरलेलं असतं, ते बघूनच हात घाला. पहिले तीन-चार फेरे पान्याशिवाय, बोटांनी द्या. अडलं तर जोर करू नका, काढून पुन्हा सरळ धरा. वाकडं घुसलं की क्रँकचे, म्हणजे पेडल ज्यात बसतं त्या फिरत्या दांड्याचे, आटे जातात आणि मग अख्खा क्रँक बदलावा लागतो. शेवटी १५ नंबरच्या पान्याने घट्ट करा. आठवड्याने पुन्हा एकदा आवळा. दर फेऱ्याला ‘टक टक’ येत असेल तर बहुधा पेडल किंवा क्रँकचा नट सैल असतो.

पुढच्या-मागच्या आडव्या पायांचे बोल्ट आधी नुसते लावून घ्या, मग आलटून पालटून आवळा. जुन्या घरांतली शहाबादी फरशी क्वचितच सपाट असते. सायकल डुगडुगली तर मागच्या पायाची टोपणं फिरवून समतोल साधा, खाली घड्या घातलेला पुठ्ठा सरकवू नका. हँडलचा खांब बसवताना आतली वायर चेंगरते, ती आधी वर ओढून धरा.

आता सीट. पेडल अगदी खाली आणा, त्यावर अनवाणी टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा पेडलवर घेतला की गुडघा आपोआप २५ ते ३५ अंश वाकलेला राहतो. सीट खाली असेल तर गुडघ्याची वाटी दुखते. वर असेल तर कंबर डावी-उजवी हलते आणि गुडघ्याच्या मागे ताण येतो. सीटच्या दांड्यावरची कमाल उंचीची खूण बाहेर दिसता कामा नये. सीट पुढे-मागे होत असेल तर क्रँक आडवा करून पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून ओळंबा सोडा, दोरी पेडलच्या आसावरून गेली पाहिजे. गवंड्याचा ओळंबा नसला तर दोऱ्याला नट बांधा. घरात चालवणारे चौघं असतील तर सीटच्या दांड्यावरचं कितवं भोक कुणाचं ते कॅलेंडरवर लिहून ठेवा.

हँडल सुरुवातीला सीटच्या बरोबरीने किंवा थोडं वर ठेवा. हाताला मुंग्या येत असतील तर ते खाली किंवा लांब आहे. आणि कोल्हापुरी पायात घालून चालवू नका. चामड्याचा तळ पेडलवरून घसरतो, बूटच घाला.

चाकाला फेल्टची पट्टी घासून भार देणारी सायकल असेल तर तिथे तेलाचा थेंबही नको, पट्टी पकड सोडते. पट्टी झिजली की नॉब पूर्ण फिरवूनही भार वाढत नाही, ती बदलून मिळते. जड चाक पेडलला थेट जोडलेलं असेल तर पाय एकदम थांबवू नका, चाक पायाला घेऊन फिरतं. नॉब दाबून ब्रेक लावा.

पावसाळ्यात रंकाळ्याची फेरी बंद पडते तेव्हाच सायकल जास्त चालते आणि तेव्हाच गंजते. खिडकीच्या झडीपासून लांब ठेवा. घाम खारट असतो, म्हणून रोज कोरड्या फडक्याने हँडल, सीटचा दांडा आणि बोल्टची डोकी पुसा.

डिस्प्ले कोरा दिसला तर आधी सेल बदला. डिस्प्ले चालू आहे पण वेग शून्य दाखवतो, तर हँडलच्या खांबातला वायरचा जोड सुटला आहे का ते पाहा.